शिक्का, नोंद आणि हातातली वस्तू

नकली माल ओळखण्याच्या ज्या युक्त्या आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आल्या आहेत, त्या बहुतेक सगळ्या डोळे, नाक आणि बोटे यांच्यावर विसंबणाऱ्या आहेत. रेशमाचा धागा जाळून केस जळल्यासारखा वास येतो का ते हुंगायचे, पैठणी उलटी करून पदरामागे सुटे धागे लोंबत आहेत का ते पाहायचे, हापूसच्या देठाशी नाक नेऊन दरवळ घ्यायचा, सोने कसोटीच्या दगडावर घासून त्याची रेघ न्याहाळायची. या युक्त्या टाकाऊ नाहीत, आणि हातमागाची पैठणी ओळखण्यासाठी उलटी बाजू पाहण्याइतका सोपा उपाय मला अजून सापडलेला नाही. मात्र पाहणाऱ्याची नजर सरावलेली असेल आणि नकली माल करणारा निष्काळजी असेल, तरच त्या उपयोगी पडतात. औषधाच्या गोळीकडे, हेल्मेटच्या आतल्या थराकडे किंवा मोबाइलच्या चार्जरकडे कितीही निरखून पाहिले तरी सामान्य गिऱ्हाइकाला काही कळत नाही.

म्हणूनच शिक्के आले. आपल्या वतीने कोणीतरी जाणकाराने वस्तू तपासली आहे आणि तशी खूण तिच्यावर केली आहे, एवढ्या भरवशावर आपण खरेदी करू लागलो. पण शिक्का म्हणजे शेवटी एक चित्र असते आणि चित्राची नक्कल करायला फारसा खर्च येत नाही. आयएसआयची खूण असो, चकाकणारा होलोग्राम असो की क्यूआर कोड, ज्याच्याकडे हुबेहूब डबा छापायची सोय आहे त्याच्याकडे ही खूण छापायचीही सोय असतेच. त्यामुळे वस्तूवर खूण आहे एवढ्यावर समाधान मानून भागत नाही. ती खूण विक्रेत्याच्या हाताबाहेर ठेवलेल्या एखाद्या नोंदीशी जुळते का, आणि त्या नोंदीत लिहिलेले वर्णन आपल्या हातातल्या वस्तूशी जुळते का, या दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. यातला दुसरा भाग बहुतेक जण गाळतात, आणि फसवणूक नेमकी त्याच फटीतून होते असे माझे मत आहे.

याचे सर्वांत चांगले उदाहरण सोन्याचे आहे. भारतीय मानक ब्यूरोने (बीआयएस) सोन्याच्या दागिन्यांचे हॉलमार्किंग, म्हणजे कस तपासून त्याची खूण उमटवणे, २००० साली सुरू केले, पण ते बरीच वर्षे ऐच्छिक होते आणि पेढीवर त्याचा फारसा आग्रह कोणी धरत नसे. त्या काळात 'केडीएम आहे, बघा' एवढे सराफाने सांगितले की गिऱ्हाईक निश्चिंत होत असे. वास्तविक केडीएम ही शुद्धतेची हमी कधीच नव्हती. दागिन्याचे भाग जोडताना कॅडमियम मिसळलेला जोड वापरला तर एकूण कस फारसा उतरत नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. कॅडमियमची वाफ कारागिराच्या फुप्फुसांना घातक असते ही बाब तर गिऱ्हाइकाच्या कानावरही येत नसे. ब्यूरोची मान्यता नसलेला हा शब्द आजही काही दुकानांच्या पाट्यांवर दिसतो, आणि लग्नसराईत तो ऐकून मान डोलावणारी मंडळीही भेटतात. कमी कसाचे सोने उघडकीस येत असे ते दागिना मोडायला नेल्यावर, म्हणजे खरेदीनंतर वीस-पंचवीस वर्षांनी, जेव्हा बिल सापडत नसे आणि कित्येकदा पेढीही उरलेली नसे.

१६ जून २०२१ पासून देशातील २५६ जिल्ह्यांत हॉलमार्किंग सक्तीचे झाले आणि नंतर टप्प्याटप्प्याने आणखी जिल्हे त्यात आले. त्याच वर्षीच्या जुलैपासून प्रत्येक दागिन्याला अक्षरे आणि अंक मिळून सहा चिन्हांचा स्वतंत्र क्रमांक देण्यास सुरुवात झाली, त्याला एचयूआयडी म्हणतात. १ एप्रिल २०२३ पासून सक्तीच्या कक्षेतील दुकानदाराला या क्रमांकाशिवाय दागिना विकता येत नाही. आता दागिन्यावर तीन खुणा असायला हव्यात, त्या म्हणजे ब्यूरोचे त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि हा क्रमांक. बावीस कॅरेटला ९१६, अठराला ७५० आणि चौदाला ५८५ असे आकडे असतात. ९१६ म्हणजे हजार भागांत ९१६ भाग शुद्ध सोने. यातल्या पहिल्या दोन खुणा त्या कसाच्या सगळ्या दागिन्यांवर सारख्याच असतात. तिसरी मात्र त्या एका दागिन्याचीच असते, आणि सगळी मदार तिच्यावर आहे.

हा क्रमांक सराफ स्वतः घालत नाही. तो दागिने हॉलमार्किंग केंद्रात पाठवतो, तिथे आधी क्ष-किरणांच्या यंत्राने वरवरची तपासणी होते, आणि नंतर नमुन्याचा कण घेऊन भट्टीतली परीक्षा होते. तो कण चांदीसह शिशाच्या पातळ पत्र्यात गुंडाळून सच्छिद्र मुशीत अतिशय मोठ्या आचेवर तापवतात. शिसे आणि तांब्यासारख्या हिणकस धातूंचा ऑक्साइड होऊन तो मुशीत शोषला जातो आणि सोने-चांदीचा एक मणी उरतो. तो ठोकून पातळ करून नायट्रिक आम्लात टाकला की चांदी विरघळून जाते आणि उरते ते निव्वळ सोने. आधीचे आणि नंतरचे वजन ताडून पाहिले की कस निघतो. कसोटीचा दगड फक्त पृष्ठभागाविषयी बोलतो, ही पद्धत आतल्या धातूविषयी बोलते, म्हणून निवाडा हिच्यावर करतात. दागिना दाव्याप्रमाणे उतरला तरच लेसरने त्यावर क्रमांक कोरला जातो. या कामासाठी सोन्याच्या एका नगामागे ४५ रुपये आणि त्यावर कर एवढाच आकार आहे. लाखभराच्या खरेदीत 'हॉलमार्कमुळे दागिना महाग पडतो' असे सांगणाऱ्याला हा आकडा ऐकवावा.

भाचीच्या लग्नाच्या खरेदीला मी पुण्यातल्या एका पेढीवर गेले होते, तेव्हा पसंत केलेल्या दोन पदरी मंगळसूत्राच्या वाटीमागचा क्रमांक वाचण्यासाठी मी भिंग मागितले. दुकानात किमान दहापट मोठे दाखवणारे भिंग ठेवणे सराफावर बंधनकारक आहे, हे मला ठाऊक होते. काउंटरमागच्या गृहस्थांनी भिंग दिले खरे, पण सोबत म्हणाले, "ताई, तुमच्या सासूबाईंच्या वेळेपासून तुम्ही आमच्याकडे येता, मग आज एवढी तपासणी कशाला?" मी म्हटले, "दादा, भरवसा आहे म्हणूनच तर आले. पण क्रमांक तुम्ही घालत नाही ना, केंद्र घालते, मग त्यांचे काम बघू द्या की." ते हसले आणि दिव्याखाली वाटी तिरपी धरून त्यांनीच एक-एक अक्षर वाचून दाखवले. शून्य की ओ, पाच की एस, याबद्दल आमच्यात थोडी चर्चा झाली, कारण ही अक्षरे इतकी बारीक असतात की नुसत्या डोळ्यांना तो ओरखडाच वाटतो. मी बीआयएस केअर या ॲपमध्ये क्रमांक घातला. सराफाचे नाव आणि नोंदणी क्रमांक, हॉलमार्किंग केंद्राचे नाव, तारीख, शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार अशी माहिती समोर आली. भाचीला एवढ्या वेळात तीन वेळा घरून फोन आला होता, पण ती या प्रकाराने भलतीच खूश झाली आणि नंतर तिने अंगठीचा क्रमांक स्वतःच शोधून काढला.

आता मूळ मुद्द्याकडे येते. ॲपने माहिती दाखवली म्हणजे काम संपले, असे नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकवर एखाद्या पांढऱ्या मोटारीची नंबरप्लेट लावली तर तो नंबर परिवहन खात्याच्या नोंदीत सापडेलच, पण नोंद मोटारीची असेल. त्याचप्रमाणे एका खऱ्या अंगठीचा क्रमांक उचलून दुसऱ्या कमी कसाच्या बांगडीवर कोरला, तर ॲप बिनदिक्कत खरी माहिती दाखवील, कारण तो क्रमांक खराच आहे. म्हणून पडद्यावर 'अंगठी' लिहिले असताना आपल्या हातात बांगडी तर नाही ना, शुद्धता ७५० दाखवत असताना दागिन्यावर ९१६ तर कोरलेले नाही ना, सराफाचे नाव भलतेच असेल तर या दुकानात तो माल कसा आला, हे विचारावे लागते. नाव वेगळे असण्याला सरळ कारणही असू शकते, कारण घाऊक व्यापाऱ्याने हॉलमार्क करून घेतलेला माल किरकोळ दुकानात येतो. पण ते कारण दुकानदाराने सांगायला हवे. बिलावर प्रत्येक नगाचे वर्णन, मौल्यवान धातूचे निव्वळ वजन, कॅरेट व शुद्धता आणि हॉलमार्किंगचा आकार वेगवेगळा दाखवायचा असतो. मंगळसूत्रात काळे मणी असतात, काही दागिन्यांत खडे आणि लाख असते, तेव्हा एकूण वजन आणि सोन्याचे वजन यांतला फरक कागदावर उतरला नाही तर नोंद कितीही चोख असली तरी आपण मण्यांचे पैसे सोन्याच्या भावाने मोजतो.

दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे नग आणि कुंदन, पोलकी, जडाव हे प्रकार सक्तीतून वगळलेले आहेत, तेव्हा बारीक नथ किंवा कानातल्या कुड्यांवर क्रमांक दिसला नाही म्हणून लगेच दुकानदाराला चोर ठरवू नये. घरातल्या जुन्या दागिन्यांवर क्रमांक नसतो, पण ते सराफाला विकायला किंवा मोडायला कसलीही आडकाठी नाही. शंका असेल तर हॉलमार्किंग केंद्रात स्वतः जाऊन नाममात्र शुल्क भरून कस तपासून घेता येतो, आणि मोडायला नेण्याआधी हे करून घेणे शहाणपणाचे असते. केंद्राचा कागद हातात असला की घटीवरून होणारी घासाघीस बरीच कमी होते.

आयएसआयच्या बाबतीत हीच पद्धत, फक्त नोंद एकेका वस्तूची नसून उत्पादकाच्या परवान्याची असते. खुणेच्या वर मानकाचा क्रमांक असतो, उदाहरणार्थ दुचाकीच्या हेल्मेटला ४१५१ आणि प्रेशर कुकरला २३४७, तर खुणेखाली सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. रस्त्याच्या कडेला टांगलेल्या हेल्मेटांवर खूण ठसठशीत असते, पण खालचा क्रमांक कित्येकदा नसतोच, किंवा असतो तो वाचता येणार नाही असा. क्रमांक असेल तर त्याच ॲपमध्ये घालावा आणि परवाना चालू आहे का, तो याच वस्तूसाठी आहे का आणि पुठ्ठ्यावरचा ब्रँड त्यात आहे का, ते ताडून पाहावे. पाण्याच्या बाटलीचा परवाना हेल्मेटवर छापलेला असला तरी तो क्रमांक 'सापडतो'च. चार्जर, अडॅप्टर, पॉवर बँक अशा इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर आयएसआयऐवजी आर या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, आणि तोही तिथेच तपासता येतो. परवाना क्रमांकाची मर्यादा उघड आहे. तो सगळ्या नगांवर सारखाच असल्याने नकली माल करणारा तो जसाच्या तसा उतरवू शकतो. अडाणी नक्कल त्यातून पकडली जाते, हुशार नक्कल सुटते.

हुशार नक्कल कशी अडवायची याचा मला सर्वांत आवडलेला विचार सरकारी खात्यातून आलेला नाही, तो देवगडच्या आंबा उत्पादकांकडून आला आहे. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे येतात. पण मानांकन मिळाल्याने बाजारातला कर्नाटकातला आंबा नाहीसा झाला नाही. 'देवगड हापूस' असे छापलेली कोरी खोकी सहज मिळतात, त्यात कुठलाही आंबा भरला की तो देवगडचा होतो, आणि मार्चमध्ये चढ्या भावाने पेटी घेणाऱ्याला त्याचा उगम सांगणारे काहीच हाती नसते. जाणकार मंडळी साल पातळ आहे का, गर केशरी आहे की पिवळा, असे निकष सांगतात. ते बरोबरही असतात, पण गराचा रंग कळायला आंबा कापावा लागतो आणि तोवर पैसे देऊन झालेले असतात.

देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून प्रत्येक आंब्यावर स्वतंत्र क्रमांकाचे स्टिकर लावायचे ठरवले. त्यातली खुबी अशी आहे की क्रमांकाचा काही भाग स्टिकरच्या वर दिसतो आणि काही भाग त्याच्याखाली दडलेला असतो. गिऱ्हाइकाने स्टिकरचा फोटो ठरलेल्या व्हॉट्सॲप क्रमांकावर पाठवायचा, मग तिथून खालचा आकडा विचारला जातो, आणि तो स्टिकर काढल्याशिवाय सांगताच येत नाही. आंब्यावरचे स्टिकर पाहून हुबेहूब प्रत छापणाऱ्याला वरचा भाग उतरवता येईल, खालचा कळणार नाही. एकदा सोललेले स्टिकर दुसऱ्या आंब्यावर चिकटवायलाही ते शाबूत राहत नाही.

पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी बाजू, जिच्याबद्दल गिऱ्हाइकांत फारशी चर्चा होत नाही. बागायतदाराला स्टिकर मिळतात ते त्याच्या नोंदवलेल्या झाडांच्या संख्येच्या हिशोबाने. खूण देणाऱ्याने खुणांची संख्याच उत्पादनाला बांधून टाकली की बाहेरचा आंबा आणून आपल्या नावावर खपवायचा मोह झालेल्या खुद्द देवगडच्या बागायतदारालाही आळा बसतो. नकली माल नेहमी परक्यानेच आणलेला असतो असे नाही, घरभेदीही असतात, आणि बहुतेक शिक्क्यांच्या योजना या शक्यतेकडे डोळेझाक करतात. अर्थात डझनभर आंब्यांचे बारा स्टिकर कोणी सोलून पाहत नाही. मी पेटीतले मधले दोन-तीन निवडते, वरच्या थरातले नाही, कारण वरचा थर दाखवण्यासाठीच रचलेला असतो.

औषधांच्या बाबतीत हा विषय थट्टेवारी नेण्यासारखा राहत नाही. केंद्र सरकारने औषध नियमांत दुरुस्ती करून सर्वाधिक खपाच्या ३०० ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा केला आणि १ ऑगस्ट २०२३ पासून तयार झालेल्या मालाला तो लागू झाला. त्यात ताप-अंगदुखीच्या, ॲलर्जीच्या, थायरॉइडच्या गोळ्यांपासून प्रतिजैविकांपर्यंत आपल्या घरच्या डब्यात हमखास सापडणारी नावे आहेत. कोड वाचला की औषधाचे मूळ नाव आणि ब्रँडचे नाव, उत्पादकाचे नाव व पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, मुदत आणि उत्पादन परवान्याचा क्रमांक दिसायला हवा. जागा कमी असेल तर कोड पट्टीऐवजी बाहेरच्या खोक्यावर असतो.

इथेही पडद्यावर माहिती उमटली म्हणून थांबू नये. मी पट्टी उजेडाला धरून त्यावर वेगळ्या शाईने छापलेला बॅच क्रमांक आणि मुदत पडद्यावरच्या अक्षरांशी एकेक करून ताडते. कोड एका बॅचचा आणि छपाई दुसऱ्या बॅचची असेल तर ती पट्टी घेऊ नये, मग दुकानदार कितीही ओळखीचा असो. मात्र या व्यवस्थेत एक मोठी उणीव आहे आणि ती स्पष्टपणे सांगायला हवी. नियमाने जी माहिती मागितली आहे तीत प्रत्येक पट्टीचा स्वतंत्र अनुक्रमांक नाही. एका खऱ्या पट्टीवरचा कोड आणि बॅच क्रमांक दोन्ही एकत्र उतरवून लाखभर पट्ट्यांवर छापले, तर गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर सगळे जुळेल. एका आंब्याला जेवढी ओळख मिळते तेवढी प्रतिजैविकाच्या पट्टीला मिळत नाही, हे मला तरी समर्थनीय वाटत नाही.

बॅच क्रमांकाचा खरा उपयोग आणखी एका ठिकाणी होतो. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना दर महिन्याला दर्जाहीन आणि बनावट आढळलेल्या औषधांची यादी जाहीर करते, आणि तिच्यात बॅच क्रमांक दिलेले असतात. बनावट ठरलेल्या औषधांपुढे शेरा असतो तो साधारण असा, की लेबलवर नाव असलेल्या उत्पादकाने ही बॅच आपण तयार केलेली नसल्याचे कळवले आहे. म्हणजे कंपनीचे नाव खरे, औषधाचे नाव खरे, पण ती बॅच कंपनीने बनवलेलीच नाही. घरात कायम चालणारे औषध असेल तर ही यादी अधूनमधून पाहावी. त्यासाठी पट्टी जपून कापण्याची सवय लावून घ्यावी लागते, कारण दहातल्या चार गोळ्या सुट्या घेतल्या की बॅच आणि मुदत छापलेली कड बहुधा दुकानदाराकडेच राहते. सुट्या गोळ्या घेतल्याच तर बिलावर बॅच क्रमांक लिहून घ्यावा. औषध विक्रेत्याने तो देणे अपेक्षितच आहे, पण मागितल्याशिवाय बिलच न देणारी दुकाने आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत.

क्यूआर कोडविषयी एक सावधगिरी वेगळी सांगते. कोड वाचल्यावर उघडणारे पान कोणाचे आहे, हे नीट पाहावे. नकली माल करणाऱ्याला खऱ्या कंपनीची नोंदवही फोडण्याची काही गरज नसते. तो स्वतःचे संकेतस्थळ उभारतो, त्यावर हिरवी बरोबरची खूण आणि 'अभिनंदन, आपले उत्पादन अस्सल आहे' असा मजकूर ठेवतो आणि कोडमध्ये त्याचाच पत्ता घालतो. अशा पानावर कुठलाही आकडा टाकला तरी उत्तर एकच येते. म्हणून डब्यावरच्या कोडने आपल्याला जिथे नेले तिथे तपासण्यापेक्षा, ॲप किंवा कंपनीचे संकेतस्थळ आपण स्वतः उघडावे आणि क्रमांक तिथे घालावा. शंका घ्यायची असेल तर मुद्दाम एक अक्षर चुकीचे घालून बघावे. चुकीच्या क्रमांकालाही जे पान 'अस्सल' म्हणते, त्याच्या बरोबर उत्तराला काडीचीही किंमत नाही. खरवडून पाहायच्या कोडमध्ये 'हा क्रमांक यापूर्वी तपासला गेला आहे' असा संदेश आला तर तोही गांभीर्याने घ्यावा, कारण दडवलेला क्रमांक आपल्याआधी कोणी पाहिला असेल तर डबा तरी उघडलेला आहे किंवा क्रमांक तरी अनेक डब्यांवर आहे.

ऑनलाइन खरेदीत वस्तू हाताळता येत नाही, त्यामुळे विक्रेता कोण हे पाहणे आले. संकेतस्थळ मोठे असले तरी माल त्यावरच्या एखाद्या लहान विक्रेत्याचा असतो. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार विक्रेत्याचे नाव-पत्ता आणि वस्तू कोणत्या देशात तयार झाली हे दाखवावे लागते. खोके घरी आल्यावर त्यावरचा उत्पादकाचा किंवा आयातदाराचा पत्ता, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि ग्राहक तक्रारीसाठीचा संपर्क छापलेला आहे का ते पाहावे. आयात केलेल्या अत्तरावर किंवा प्रसाधनावर आयातदाराचे नावच नसेल तर पुढचे काही तपासत बसायची गरज राहत नाही. मी खोके उघडतानाचे चित्रण करून ठेवते. घरातले यावरून माझी चेष्टा करतात, पण परतावा मागताना 'तुम्हीच वस्तू बदलली असेल' या वाक्याला दुसरे उत्तर नसते.

संशयित वस्तू सापडली तर ती रागाच्या भरात फेकून देऊ नये किंवा दुकानदाराला परतही करू नये, कारण एकदा ती आपल्या हातून गेली की तक्रारीत दाखवायला काही उरत नाही. सोन्याचा कस कमी निघाला तर नियमात भरपाईची तरतूद आहे. शुद्धतेतील तुटीवरून जी रक्कम निघते तिच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च गिऱ्हाइकाला मिळायला हवा. वीस ग्रॅमचा दागिना ९१६ सांगून विकला आणि तो ८७५ निघाला, तर हजारी ४१ भागांच्या हिशोबाने ०.८२ ग्रॅम शुद्ध सोन्याची तूट होते आणि भरपाई १.६४ ग्रॅमच्या किमतीइतकी होते. हॉलमार्क किंवा आयएसआयविषयीची तक्रार बीआयएस केअर ॲपमधूनच करता येते. औषधासाठी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे जावे लागते, आणि इतर सर्व बाबतींत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करता येते. कुठेही गेलो तरी पहिली मागणी बिलाची होते. त्यामुळे पावती मिळताच तिचा आणि वस्तूवरच्या क्रमांकाचा फोटो शेजारी शेजारी काढून ठेवावा, कारण थर्मल कागदावर छापलेली बिले हमीची मुदत संपण्याआधीच पांढरी पडतात आणि कोऱ्या कागदावर कोणतेही कार्यालय तक्रार दाखल करून घेत नाही.